जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवताना फ्रेम गळत असतील तर : कारण कसे शोधावे आणि काय दुरुस्त करावे

लग्न, मुंज, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगांच्या व्हीएचएस कॅसेट असंख्य घरांतील कपाटांत अजून पडून आहेत. त्या चालवणारी यंत्रे मात्र वर्षागणिक कमी होत चालली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी एक असलेल्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यानंतर हाती राहिली ती जुनी, दुरुस्त करून वापरायची यंत्रे. शिवाय कॅसेट जितक्या वेळा चालेल तितकी तिची फीत झिजते. म्हणून कॅसेट संगणकावर उतरवायची तर ती शक्यतो एकाच फेरीत आणि नीट उतरावी, ही अपेक्षा रास्त आहे. या कामात नवख्यांना सर्वाधिक छळणारी अडचण म्हणजे फ्रेम गळणे, म्हणजे चलचित्रातील एकेक स्थिरचित्र संगणकावर न उतरणे. घरच्या साध्या संगणकावर मी हे काम केले आहे, आणि ज्या क्रमाने तपासणी केली असता कारण लवकर सापडते तो क्रम येथे मांडत आहे.

आपल्याकडे चित्रीकरण पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीने होत असे. त्यात दर सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे तासाला ९०,००० आणि ई-१८० या तीन तासांच्या कॅसेटमध्ये २,७०,०००. एक फ्रेम गळली तर ४० मिलिसेकंदांचे चित्र कायमचे नाहीसे होते. एखादी फ्रेम गेल्याने डोळ्यांना फारसे कळत नाही. पण शेकड्यांनी फ्रेम गळल्या तर हालचाली झटके देतात आणि ध्वनी चित्राच्या मागे पडत जातो, कारण चित्राची लांबी कमी झालेली असते आणि ध्वनी मात्र पूर्ण असतो. मंगलाष्टके ऐकू येत आहेत आणि पडद्यावर अक्षता पडून गेल्या आहेत, असा प्रकार यातूनच होतो.

फ्रेम गळणे हा एकच बिघाड नव्हे, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. फीत, व्हीसीआर, केबल, कॅप्चर उपकरण (व्हीसीआरचे चित्र संगणकात उतरवणारे), यूएसबी, प्रोसेसर, डिस्क आणि ध्वनीचे घड्याळ या साखळीत कुठेही फ्रेम हरवू शकते, आणि प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा असतो. सरसकट नवा संगणक किंवा महागडे कॅप्चर उपकरण विकत घेऊन पैसे घालवण्यापूर्वी फ्रेम कोठे हरवते हे ठरवावे.

लागणारे साहित्य

- चालू स्थितीतील व्हीसीआर आणि पिवळ्या, पांढऱ्या, लाल टोकांची चांगली एव्ही केबल. व्हीसीआर एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसच्या सुधारित प्रकारचा असल्यास एस-व्हिडिओ केबल.
- ॲनालॉग इनपुट असलेले यूएसबी कॅप्चर उपकरण आणि त्याच्या चिपसाठीचा योग्य ड्रायव्हर.
- पिवळे एव्ही आउटपुट असलेला डीव्हीडी प्लेयर किंवा सेट-टॉप बॉक्स. हा केवळ चाचणीसाठी हवा, पण तो फार उपयोगी पडतो.
- एसएसडी किंवा संगणकाच्या आतील वेगळी हार्ड डिस्क, तीवर पुरेशी मोकळी जागा.
- व्हर्च्युअलडब हा मोफत प्रोग्राम. ओबीएस स्टुडिओ वापरत असाल तर तोही चालेल, मात्र त्याची मर्यादा पुढे सांगितली आहे.
- यूपीएस किंवा इन्व्हर्टर, कारण तीन तासांच्या कॅसेटमध्ये मध्येच वीज गेली तर सारी फेरी वाया जाते.
- वही. प्रत्येक चाचणीत काय बदलले आणि किती फ्रेम गळल्या हे लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१. आकडा कोणता आहे ते आधी समजून घ्या

व्हर्च्युअलडबच्या कॅप्चर खिडकीत बाजूच्या पट्टीवर दोन आकडे दिसतात. एक गळलेल्या फ्रेमचा आणि दुसरा घातलेल्या फ्रेमचा. अपेक्षित वेळेत फ्रेम आली नाही की वेळेचा हिशेब राखण्यासाठी प्रोग्राम तेथे रिकामी फ्रेम घालतो, आणि दोन फ्रेम फार जवळ आल्या की एक टाकून देतो. हे दोन्ही आकडे वहीत लिहावेत. गळलेल्या फ्रेम शून्य आणि घातलेल्या दोनशे, असा निकाल निर्दोष म्हणता येणार नाही, कारण त्या दोनशे जागी खरे चित्र आलेलेच नाही.

येथे एक सापळा आहे. टायमिंगच्या खिडकीत फ्रेम टाकण्याचे आणि घालण्याचे पर्याय बंद करता येतात आणि ते बंद केले की आकडे छान शून्यावर येतात. मूळ दोष तसाच राहतो, फक्त त्याची नोंद होत नाही, आणि तासाभराने ध्वनी व चित्र यांची फारकत होते. तपासणी चालू असताना हे पर्याय चालूच ठेवावेत.

ओबीएसच्या आकडेवारीच्या खिडकीत तीन वेगळे आकडे असतात. रेंडरिंगला उशीर झाल्याने हुकलेल्या फ्रेम हा ग्राफिक्सवरील ताण असतो, एन्कोडिंगला उशीर झाल्याने सोडलेल्या फ्रेम हा प्रोसेसरवरील किंवा एन्कोडरवरील ताण असतो, आणि नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेमचा संबंध थेट प्रक्षेपणाशी असल्याने आपल्या कामात त्याकडे पाहण्याचे कारण नाही. महत्त्वाची मर्यादा अशी की ओबीएस स्वतःच्या घड्याळाने चालतो. कॅप्चर उपकरणाकडून फ्रेम आलीच नाही तर तो आधीची फ्रेम पुन्हा वापरतो आणि त्याची मोजदाद यांपैकी कोणत्याच आकड्यात होत नाही. त्यामुळे तीनही आकडे शून्य असूनही चित्रीकरण अपुरे असू शकते. कॅसेटच्या कामासाठी मी व्हर्च्युअलडबला प्राधान्य देतो, ते याच कारणाने.

२. दोष संगणकाकडे की कॅसेटकडे, याचा निवाडा करा

साऱ्या तपासणीत हा टप्पा सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण वगळतात. व्हीसीआरची केबल काढून त्याजागी डीव्हीडी प्लेयर किंवा सेट-टॉप बॉक्स जोडा, आणि बाकी एकही गोष्ट न बदलता अर्धा तास कॅप्चर करा. विकत घेतलेल्या चित्रपटाच्या डीव्हीडीवर नकलविरोधी संकेत असू शकतो, म्हणून घरी बनवलेली तबकडी वापरावी. या उपकरणांचा संकेत स्थिर असतो. या अर्ध्या तासात एकही फ्रेम गळली नाही, तर संगणक, डिस्क आणि यूएसबी यांना दोष देण्याचे कारण उरत नाही आणि आपण थेट आठव्या टप्प्याकडे जावे. तेथेही फ्रेम गळत असतील तर कॅसेटला हात न लावता तिसऱ्या टप्प्यापासून सातव्यापर्यंत क्रमाने जावे.

यासोबत फ्रेम कोणत्या पद्धतीने गळतात याचे निरीक्षण करावे, कारण त्यातूनच बरेचसे निदान होते. ठरावीक अंतराने, जसे दर पाच-सात मिनिटांनी एक, अशी फ्रेम जात असेल तर ध्वनी आणि चित्र यांची घड्याळे जुळत नाहीत असे समजावे. बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम वीस-तीस फ्रेम गेल्या, तर डिस्क अडखळली किंवा पार्श्वभूमीत एखादे काम सुरू झाले असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक फेरीत कॅसेटच्या त्याच जागी फ्रेम जात असतील तर दोष फितीवर आहे. आणि अगदी पहिल्या सेकंदापासून दर सेकंदाला काही फ्रेमचा फरक पडत असेल तर पुढचा टप्पा वाचावा.

३. प्रसारण पद्धत आणि फ्रेमचा वेग तपासा

कॅप्चर उपकरणांचे ड्रायव्हर पुष्कळदा अमेरिकी एनटीएससी पद्धतीवर, म्हणजे ७२० × ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम या मांडणीवर सुरू होतात. भारतात चित्रित केलेल्या कॅसेटसाठी पाल-बी, ७२० × ५७६ आणि २५ फ्रेम अशी निवड हवी. ती ड्रायव्हरमध्ये आणि प्रोग्राममध्ये, दोन्हीकडे करावी लागते. ओबीएसमध्ये वेग बहुधा ३० वर ठेवलेला असतो. तसाच राहिला तर प्रत्येक सेकंदात पाच फ्रेम दुबार होतात आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळत सरकते.

अमेरिकेतील नातेवाइकांनी तेथून पाठवलेल्या कॅसेट मात्र खरोखरच एनटीएससी असतात. आपल्याकडचे बरेच व्हीसीआर त्या चालवतात, पण बाहेर देताना पाल-६० नावाचा मिश्र संकेत देतात. टीव्हीला तो चालतो, पण अनेक कॅप्चर उपकरणांना तो नीट ओळखता येत नाही, आणि मग चित्र कृष्णधवल येते किंवा फ्रेमचा हिशेब कोलमडतो. अशा कॅसेटसाठी शुद्ध एनटीएससी संकेत देणारा व्हीसीआर मिळवण्यावाचून चांगला उपाय नाही.

४. डिस्क तपासा

हिशेब सोपा आहे. वायूवाय२ या असंकुचित प्रकारात पालची एक फ्रेम ८,२९,४४० बाइट्सची असते, त्यामुळे सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ७५ गिगाबाइट लागतात. हफवायूव्ही, लॅगरिथ किंवा यूट व्हिडिओ असा दर्जाहानी न करणारा कोडेक, म्हणजे संकुचनाची पद्धत, वापरल्यास ही जागा साधारण निम्म्यावर येते. आजची कोणतीही निरोगी डिस्क हा वेग पेलते. मात्र डिस्कला तो सरासरी न पेलता सलग तीन तास, एकदाही न थांबता पेलावा लागतो, आणि अडचण येते ती येथे.

बाहेरून जोडायच्या लहान आकाराच्या कित्येक हार्ड डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत लेखनाचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असल्यामुळे सुरुवातीला वेग चांगला मिळतो, पण आतील राखीव जागा भरली की डिस्क मध्येच थांबून जुनी माहिती नव्याने मांडू लागते. पहिला अर्धा तास निर्दोष आणि नंतर झुंडीने फ्रेम गळणे ही त्याची खूण आहे. पेन ड्राइव्हवर तर थेट कॅप्चर करूच नये. कॅप्चर एसएसडीवर किंवा विंडोज ज्या डिस्कवर नाही अशा आतील डिस्कवर करावे आणि काम झाल्यावर फाइल बाहेरच्या डिस्कवर हलवावी.

डिस्कचे फॉरमॅट एनटीएफएस असावे. फॅट३२ वर एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होत नाही, त्यामुळे कॅप्चर काही मिनिटांतच थांबते. ज्या फोल्डरात फाइल लिहिली जाते तो अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावा, आणि तो वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या देखरेखीखाली नाही याची खात्री करावी. विंडोजचे व्हिडिओ फोल्डर काही संगणकांवर आपोआप क्लाउडशी जोडलेले असते, त्यामुळे स्वतंत्र फोल्डर तयार करणे बरे.

५. यूएसबी आणि विजेची बचत

यूएसबी २.० ची कागदावरील क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट असली तरी प्रत्यक्षात तिच्यापेक्षा बरीच कमी मिळते, आणि आपले असंकुचित चित्र एकटेच १६६ मेगाबिट घेते. त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्कही असेल तर दोघांत ओढाताण होते. कॅप्चर उपकरण हबशिवाय, डेस्कटॉप असल्यास मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये जोडावे आणि लांबीवर्धक केबल टाळावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जोडणीनुसार यादी पाहिली की एका कंट्रोलरवर कोणकोणती उपकरणे आहेत हे दिसते.

विंडोजच्या पॉवर पर्यायांत यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे, संगणक झोपी जाण्याची वेळ काढून टाकावी, आणि लॅपटॉप बॅटरीवर न चालवता चार्जरवर चालवावा.

६. प्रोसेसरवरचा भार

कॅप्चर करतानाच एच.२६४ मध्ये घट्ट संकुचन करण्याचा मोह होतो, कारण फाइल लहान होते. जुन्या संगणकाला हे झेपत नाही. आधी हलक्या कोडेकमध्ये उतरवून घ्यावे, आणि नंतर निवांतपणे एच.२६४ करावे. तेव्हा कितीही वेळ लागला तरी फ्रेम हरवत नाही. कॅप्चर चालू असताना व्हर्च्युअलडबमधील प्रीव्ह्यू बंद ठेवावा आणि चित्र पाहायचे असल्यास व्हीसीआरला वेगळा टीव्ही जोडावा. हा लहानसा बदल दुबळ्या संगणकांवर आश्चर्यकारक फरक पाडतो. ब्राउझर, संदेशांचे प्रोग्राम आणि विंडोज अपडेट बंद असावेत.

प्रोसेसर फारसा वापरात दिसत नाही आणि तरीही फ्रेम जातात, अशा वेळी लेटन्सीमॉन हा प्रोग्राम दहा मिनिटे चालवून पाहावा. एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरत असेल तर तो त्याचे नाव दाखवतो. वाय-फायचा ड्रायव्हर हा येथील नेहमीचा दोषी आहे, आणि कॅप्चरपुरते वाय-फाय बंद केले की काम भागते. मे महिन्याच्या उकाड्यात लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून तो गादीवर न ठेवता खालून हवा खेळेल असा ठेवावा.

७. ध्वनीचे घड्याळ

चित्र यूएसबी उपकरणातून आणि ध्वनी संगणकाच्या लाइन-इनमधून घेत असाल तर दोन स्वतंत्र स्फटिकांची घड्याळे चालू असतात आणि ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा हजारांत एक भाग एवढा सूक्ष्म फरकसुद्धा तासाला ०.३६ सेकंद, म्हणजे ९ फ्रेम इतका होतो. ही तफावत भरून काढण्यासाठी प्रोग्राम स्वतःच अधूनमधून फ्रेम टाकतो किंवा घालतो.

तपासणी अशी करावी : ध्वनी पूर्ण बंद करून अर्धा तास कॅप्चर करावे. नियमित अंतराने जाणाऱ्या फ्रेम थांबल्या, तर निदान पक्के झाले. उपाय दोन आहेत. ध्वनीही त्याच कॅप्चर उपकरणातून घ्यावा, किंवा व्हर्च्युअलडबच्या टायमिंगमध्ये चित्राला हात न लावता ध्वनीचा वेग किंचित बदलून जुळवणी करण्याचा पर्याय निवडावा. दुसऱ्या उपायाने आवाजात पडणारा फरक कानाला जाणवत नाही. ध्वनीचा नमुना-दर ४८ किलोहर्ट्झ ठेवावा.

८. फीत आणि व्हीसीआर

दुसऱ्या टप्प्यातील चाचणी निर्दोष आली आणि कॅसेट लावताच फ्रेम गळू लागल्या, तर संगणकातील एकही सेटिंग बदलून उपयोग होणार नाही. व्हीएचएसमध्ये चित्राची प्रत्येक ओळ किंचित पुढे-मागे येते, कारण फीत ताणलेली असते आणि यंत्राचा वेगही पूर्ण स्थिर नसतो. टीव्ही हे सहन करतो, पण कॅप्चर उपकरणाला ओळींचा आणि फ्रेमचा आरंभ सापडला नाही तर ते आख्खी फ्रेम सोडून देते. जेथे चित्रीकरण थांबवून पुन्हा सुरू केले आहे असे सांधे, कोरी फीत आणि फार झिजलेल्या जागा येथे हे हमखास घडते. खराब झालेल्या संकेताला काही उपकरणे चुकून नकलविरोधी संकेत समजतात आणि चित्रच बंद करतात.

यावरचा खरा उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी. काही एस-व्हीएचएस यंत्रांत तो आतच असतो. तो ओळी सरळ करतो, पण फ्रेमचा वेग सांभाळण्यासाठी पूर्ण फ्रेमचा टीबीसी वेगळा लागतो आणि तो आता महाग व दुर्मीळ आहे. मधला मार्ग म्हणून हौशी लोक पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० किंवा डीएमआर-ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर वापरतात. व्हीसीआरचा संकेत त्यात घालायचा आणि रेकॉर्डिंग न करता त्याच्या आउटपुटमधून कॅप्चर उपकरणाकडे न्यायचा. वाकडेतिकडे चित्र यातून बरेच स्थिर होऊन बाहेर पडते. अशा रेकॉर्डरची तबकडी फिरत नसली तरी आपले काम होते, त्यामुळे बिघडलेले यंत्र स्वस्तात मिळाल्यास जरूर घ्यावे.

खर्च करण्यापूर्वी मात्र फुकटचे उपाय करून घ्यावेत. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. ट्रॅकिंग हाताने जुळवावे. व्हीसीआरचे हेड मळले असल्यास पडद्यावर हिमकण दिसतात. ते स्वच्छ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेले शॅमॉय कातडे ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलावर, स्थिर धरून ड्रम हाताने हळू फिरवावा. कातडे वर-खाली घासल्यास हेड तुटते आणि व्हीसीआर निकामी होतो.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या कॅसेटविषयी विशेष सावधगिरी हवी. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात अजिबात घालू नये, कारण बुरशी हेडला चिकटते आणि तेथून पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटवर जाते. ती फीत आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

९. मिनीडीव्ही कॅसेट असल्यास

या कॅसेटवरील माहिती मुळातच अंकीय असते, म्हणून ती एव्ही केबलने न घेता कॅमेऱ्याच्या फायरवायर जोडणीतूनच घ्यावी. वेग सेकंदाला फक्त ३.६ मेगाबाइट, तासाला सुमारे १३ गिगाबाइट आहे. तरीही फ्रेम गळू शकतात, कारण फायरवायरवरून आलेला डीव्हीचा तुकडा हरवला तर तो पुन्हा पाठवला जात नाही. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांवर फायरवायर कार्डासाठी १३९४ ओएचसीआयचा लेगसी ड्रायव्हर निवडून पाहावा. विनडीव्ही हा लहानसा प्रोग्राम गळलेल्या फ्रेमची संख्या दाखवतो. फितीवरच दोष असेल तर तीच कॅसेट दोनदा उतरवून डीव्हीरेस्क्यू या मोफत साधनाने दोन्ही प्रतींतील चांगल्या फ्रेम एकत्र करता येतात. व्हीएचएसमध्ये ही सोय नाही.

१०. अंतिम फेरी

एका वेळी एकच बदल करून, प्रत्येक बदलानंतर अर्ध्या तासाची चाचणी घेऊन आकडे स्थिरावले की पूर्ण कॅसेट उतरवावी. स्थिर संकेतावर एकही फ्रेम गळता कामा नये, याबाबत तडजोड करू नये. झिजलेल्या कॅसेटवर सांध्यांच्या जागी थोड्या फ्रेम गेल्या आणि ध्वनी जुळलेला राहिला, तर ते स्वीकारावे, कारण त्या जागी फितीवर धड चित्रच नसते आणि आणखी फेऱ्यांनी फीत मात्र झिजत जाते.

फाइल तयार झाल्यावर तिची शेवटची पाच मिनिटे आधी पाहावीत. टाळी, फटाका किंवा बोलणाऱ्याचे ओठ यांच्याशी आवाज शेवटीही जुळत असेल तर मधला भाग बहुधा ठीक आहे. मग मध्येमध्ये चार-पाच ठिकाणी पाहून, कोणता व्हीसीआर, कोणते उपकरण, कोणती सेटिंग आणि किती फ्रेम गळल्या व घातल्या ही नोंद फाइलशेजारीच मजकुराच्या लहान फाइलमध्ये ठेवावी. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय कॅप्चरची जागा रिकामी करू नये.